अठराची पाटी आणि एक्क्याण्णव मीटर

पाटी किमान साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच हवी, दुकानात सहज नजरेला पडेल अशा जागी हवी, मजकूर इथल्या भाषेत हवा, सोबत तंबाखूच्या दुष्परिणामाचं चित्र हवं. नियमात हे सगळं नेमकेपणाने लिहिलेलं आहे. पाटीवरचं वाक्यही ठरलेलं आहे: १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे.

पुण्यातल्या कॉलेजांच्या आसपासच्या टपऱ्यांवर ही पाटी असते, पण हुडकावी लागते. डेक्कनकडच्या एका गल्लीत ती चिप्सच्या पुड्यांच्या माळांमागे गेली होती आणि 'वर्षांखालील' एवढाच शब्द बाहेर डोकावत होता. कर्वे रस्त्यावरून आत वळल्यावर एका ठिकाणी ती उन्हाने इतकी विटली होती की चित्रातला माणूस ओळखू येत नव्हता. एका टपरीवर पैसे घेण्याचा क्यूआर कोड नेमका '१८' या आकड्यावर चिकटवलेला होता.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'वयाची अट' हा विषय काढला, तेव्हा पुण्यातल्या बहुतेकांना आधी कल्याणीनगरच आठवलं असतं. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि महाराष्ट्रात दारूसाठी २५ वर्षांची अट असताना त्या वयाच्या मुलाला पबमध्ये प्रवेश मिळतो कसा, हा प्रश्न घरोघर विचारला गेला. पबांवर कारवाया झाल्या, त्यावर पानंच्या पानं छापून आली. पण मुलं रोज ज्या काउंटरसमोर उभी राहतात तो पबचा नसतो. तो कॉलेजच्या फाटकासमोरच्या टपरीचा असतो, किंवा अलीकडे ज्या दुकानात 'व्हेप' मिळतो त्या गिफ्ट शॉपचा. मला तिथली पाटी पाहायची होती.

दोन पाट्या समोरासमोर

तंबाखूचा आपला कायदा २००३ चा. 'कोटपा' या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या सहाव्या कलमात दोन बंदी आहेत. अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही, ही पहिली. कुठल्याही शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती कुणालाच विकायची नाही, ही दुसरी. पहिल्या बंदीची पाटी दुकानदाराने लावायची. दुसरीची पाटी संस्थेने आपल्या आवाराबाहेर लावायची, आणि तिची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर आहे.

शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. अंतर फाटकापासून मोजायचं नाही. कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्या दिशांना सरळ रेषेत मोजायचं. हा बारकावा पुण्यात फार महत्त्वाचा ठरतो. फर्ग्युसन रस्त्यावर कॉलेजची भिंत लांबलचक पसरली आहे, त्याच रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेलात तरी एक्क्याण्णव मीटर संपत नाहीत. बीएमसीसी, गोखले इन्स्टिट्यूट, मराठवाडा मित्र मंडळाचं कॉलेज, पलीकडे आयएलएस लॉ कॉलेज. टिळक रस्त्याला एस. पी. आणि न्यू इंग्लिश स्कूल; कर्वे रस्त्याला गरवारे. शहराचा नकाशा समोर घेऊन मी या भिंतींभोवती अंतर आखत गेले, तेव्हा डेक्कन आणि शिवाजीनगरच्या मोठ्या भागात टपरीला कायदेशीर जागाच उरेना. बाकीच्या शाळा आणि क्लासेसच्या इमारती तर मी अजून धरल्याही नव्हत्या.

याचा अर्थ असा की कॉलेजसमोरच्या टपरीवर अठराची पाटी अगदी स्वच्छ, ठळक, चित्रासकट लावलेली असली, तरी तिथे नियम पाळला जातोय असं म्हणता येत नाही. इथे तंबाखू विकली जाते, हेच ती पाटी सांगते. कॉलेजच्या भिंतीवरची पाटी खरी मानली तर तिच्या समोर दुसरी पाटी असूच शकत नाही. तरीही अनेक रस्त्यांवर या दोन पाट्या समोरासमोर उभ्या आहेत आणि मधून विद्यार्थ्यांची ये-जा चालू आहे. तपासणीला आलेला माणूस टपरीवर पाटी आहे का एवढंच पाहून गेला, तर बेकायदा जागेवरच्या विक्रीला नियमाचं पांघरूण मिळतं.

एकाच फाटकातून

कायदा करणाऱ्यांनी शाळा-कॉलेजांजवळ वयाऐवजी जागेची अट का घातली असेल, हे पुण्यातल्या कुठल्याही जुन्या कॉलेजच्या फाटकापाशी सकाळी उभं राहिलं की कळतं. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग आणि पदवीचे वर्ग एकाच आवारात भरतात. फर्ग्युसन घ्या, एस. पी. घ्या, मॉडर्न घ्या, गरवारे घ्या. सोळा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांचा एम.ए.चा विद्यार्थी एकाच फाटकातून आत जातात. बहुतेक ठिकाणी गणवेश नाही. दोघांच्या पाठीवर तशीच सॅक, कानात तसेच इअरबड्स. दहावीचा निकाल लागून दोन-अडीच महिने झालेला मुलगाही आता स्वतःला 'कॉलेजचा' म्हणवतो, आणि अठराची रेघ वर्गावर्गांच्या मधून जाते. बारावीच्या बाकावर जानेवारीत जन्मलेला अठराचा झालेला असतो, शेजारी ऑक्टोबरमध्ये जन्मलेला सतराचा.

टपरीवाल्याने हे चेहऱ्यावरून ओळखावं अशी अपेक्षा आहे. नियमांप्रमाणे गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर आहे, आणि शंका आली तर तो वयाचा पुरावा मागू शकतो. मी बराच वेळ वेगवेगळ्या टपऱ्यांपाशी उभी राहिले. आधार कार्ड तर सोडाच, 'कितवीला आहेस?' एवढंही कुणी कुणाला विचारताना ऐकलं नाही. सकाळच्या दोन लेक्चरांमधल्या दहा मिनिटांत पंधरा-वीस मुलं येतात. विचारायला उसंत नसते, आणि विचारलं तर गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर जातं.

कर्नाटकाने यावर एक उत्तर काढलं आहे. तिथल्या विधिमंडळाने २०२४ मध्ये कोटपाला दुरुस्ती केली आणि २०२५ पासून तंबाखू विकत घेण्याचं किमान वय २१ झालं. म्हणजे बेळगावच्या कॉलेजातल्या मुलाला जी अट आहे, ती सीमेच्या अलीकडे कोल्हापुरातल्या त्याच्या मावसभावाला नाही. वय २१ केलं की पदवीचा जवळपास सगळा वर्ग अटीच्या आत येतो आणि दुकानदाराला चेहरा पारखण्याची गरज बरीच कमी होते: समोरचा कॉलेजात शिकतोय असं दिसलं की द्यायचं नाही. केंद्र सरकारच्या दुरुस्तीच्या मसुद्यातही, जो २०२१ च्या सुरुवातीला लोकांसमोर ठेवला होता, वय २१ करायचं म्हटलं होतं. तो मसुदा कायदा झाला नाही. महाराष्ट्राने कर्नाटकाची वाट धरावी असं मला मनापासून वाटतं.

सुट्टी

पुण्यातला कॉलेजचा मुलगा सिगारेटचं पाकीट क्वचितच घेतो. तो 'सुट्टी' घेतो, एक. दृश्य सगळीकडे तेच. मुलगा चहाचा ग्लास हातात घेऊन टपरीपाशी येतो, 'काका, एक' म्हणतो. काका न बघता मागच्या फळीवरच्या उघड्या पाकिटातून एक काढून देतात. नायलॉनच्या दोरीला बांधलेला लायटर पोरगा स्वतःच ओढून घेतो. मोबाइल क्यूआरसमोर धरला जातो, आणि पैसे जमा झाल्याचं सांगणारा छोटा स्पीकर रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात रक्कम उच्चारतो. पंधरा-वीस सेकंदांत सगळं आटोपतं.

या पंधरा-वीस सेकंदांत एक गोष्ट निसटून जाते. १ एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो, आणि पुढे त्यावर व्यसन सोडण्यासाठीचा टोल-फ्री नंबरही आला. जगातल्या मोठ्या इशाऱ्यांमध्ये त्याची गणना होते. पण सुट्टी घेणाऱ्या मुलाच्या हातात पाकीट येतच नाही. ना त्याला चित्र दिसतं, ना नंबर. म्हणूनच महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट आणि बिडी विकण्यावर बंदी घातली. टपरीवर ही बंदी अस्तित्वात असल्याचं कुठेही जाणवत नाही. पूर्ण पाकिटाला दोन-तीनशे रुपये मोजायला लागले असते तर अकरावीतली कितीतरी मुलं तिथेच थांबली असती. महिन्याच्या खिशाच्या पैशांत ते बसत नाही. सुट्टी मात्र वडापावच्या पैशांत येते.

जिथे वयाची अटच नाही

आता व्हेपकडे येऊ. इ-सिगारेटच्या दुकानात वयाची पाटी कशी असते, हा प्रश्न घेऊन मी निघाले होते. भारतात या प्रश्नाचं उत्तर कायद्यात सरळ आहे: अशी पाटी असू शकत नाही, कारण असं दुकानच असू शकत नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. इ-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, हे सगळं बंद. सोळाव्या वर्षी नाही आणि साठाव्याही वर्षी नाही. विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही.

तरी वस्तू मिळते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच २०२३ मध्ये राज्यांना कळवलं होतं की शाळा-कॉलेजांजवळच्या दुकानांत, अगदी स्टेशनरीच्या दुकानांतही, ती विकली जाते आहे. मी पाहिलेलं दुकान कॉलेजजवळचंच, पण कुठल्या रस्त्यावरचं ते लिहीत नाही. समोर सुगंधी मेणबत्त्या, किचेन, मोबाइलची कव्हरं. आतल्या काचेच्या कपाटात रोलिंग पेपर, नक्षीदार लायटर, हुक्क्याची भांडी. काचेच्या दारावर लाल गोलात '१८+' असा स्टिकर. व्हेप आहे का असं विचारल्यावर मालकाने मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि ते बंद झालंय, मॅडम, असं सांगितलं. मी मेणबत्त्या बघत रेंगाळले. थोड्या वेळाने दोन मुलगे आले, काउंटरवर वाकून काहीतरी बोलले, आणि खालून बुटाच्या खोक्याएवढा डबा वर आला. त्यात हायलायटर पेनाच्या आकाराची रंगीत उपकरणं होती. मुलांनी फळांच्या नावांनी फ्लेवर विचारले, एक निवडलं, नोटा दिल्या. इथे क्यूआर नव्हता.

नंतर त्या मुलांनी मला खोकं पाहू दिलं. त्यावर भारतातला पत्ता नाही, छापील किंमत नाही, ८५ टक्के इशारा नाही, मदतीचा नंबर नाही. आंब्याचं चित्र, पफांची हजारांतली संख्या आणि ५ टक्के निकोटीन. त्या टक्क्यांचा अर्थ दोघांनाही ठाऊक नव्हता.

तो समजून घ्यायला हवा. उपकरणात छोटी बॅटरी असते, तारेची कॉइल असते आणि द्रवात भिजलेला कापूस असतो. ओढलं की कॉइल तापते आणि द्रवाचा फवारा होतो. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन. चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास याचं आधुनिक रूप घडवलं. त्या सुरुवातीच्या उपकरणांत निकोटीनचं प्रमाण वाढवलं की घशाला ठसका बसायचा, त्यामुळे नवखा माणूस फार ओढू शकत नसे. २०१५ मध्ये अमेरिकेत 'जूल' बाजारात आलं, त्याने निकोटीनमध्ये बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला. ठसका गेला, तीव्रता राहिली. जूलच्या एका छोट्या पॉडमध्ये साधारण एका पाकिटातल्या वीस सिगारेटींइतकं निकोटीन असल्याचं कंपनीच सांगत असे. युरोपीय संघात मर्यादा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची आहे. पाच टक्के म्हणजे सुमारे ५०. त्या मुलाच्या खिशातलं उपकरण युरोपातल्या दुकानातही कायद्याने ठेवता आलं नसतं.

सिगारेट निदान संपते. विझवून टाकावी लागते, तोंडाला वास येतो, आईला कळतं. हे उपकरण संपल्याचं कळत नाही, वास आंब्याचा येतो, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरही ओढता येतं. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि निकोटीनची सवय या वयात लवकर आणि घट्ट लागते, हे वैद्यकशास्त्रात आता सर्वमान्य आहे.

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली पुण्याची मुलं तिथलं वेगळं चित्र सांगतात. तिथे व्हेप अठरा वर्षांपुढे कायदेशीर आहे, सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना सरकारी आरोग्यसेवा तो पर्याय म्हणून सुचवतेही, आणि पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या कुणाकडेही ओळखपत्र मागायची दुकानांची रीत आहे. तिथली पाटी कामाला येते, कारण तिच्यामागे ओळखपत्र मागणारा माणूस उभा असतो. इतकं असूनही मुलांच्या हातात ही उपकरणं इतकी पोचली की १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर तिथे बंदी आली. सिगारेटऐवजी व्हेप हा युक्तिवाद महाराष्ट्रात आणखी लंगडा पडतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार इथले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, पण धूम्रपान करणारे ३.८ टक्केच, बाकी मुख्यतः चघळणारे. मशेरी-मिश्री सोडवायला आंब्याच्या वासाची वाफ कुणी ओढत नाही. इथे ती ओढतात ती कधीही सिगारेट न ओढलेली मुलं.

म्हणून दारावरचा '१८+' स्टिकर मला सगळ्यात जास्त खटकला. रोलिंग पेपरपुरता तो लावला असेल. पण आत येणाऱ्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की इथलं सगळं मोठ्यांसाठी चालतं, आणि आपण आता मोठे झालो. बंदी असलेल्या वस्तूला तो स्टिकर परवानगीचा रंग देतो.

दोनशे रुपये आणि सात वर्षं

अठराखालच्या मुलाला सिगारेट विकली तर कोटपाप्रमाणे दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. म्हणजे दहाएक सुट्ट्यांचे पैसे. तीच सिगारेट, तोच मुलगा, तोच टपरीवाला. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम लावलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मधलं काही नाही. दोनशे रुपयांची पावती फाडली की टपरी संध्याकाळी पुन्हा उघडते, आणि एका सुट्टीसाठी एखाद्याला सात वर्षांच्या कलमाखाली उभं करायला पोलिसाचंही मन सहजी धजत नाही. धाक बसेल पण संसार उघड्यावर येणार नाही असा दंड, काही हजारांचा, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना रद्द, हे मधलं अंतर भरणं विधिमंडळाच्या हातात आहे.

टपरीवाल्याशी बोलल्याशिवाय हे लिहिणं अन्यायाचं झालं असतं. ज्याच्याशी मी सर्वात जास्त बोलले तो मराठवाड्यातून आलेला, दोन मुलींचा बाप. चहा-बिस्किटांवर भाडं सुटत नाही, सिगारेटवर सुटतं, असा त्याचा हिशेब. एका पाकिटामागे सुटणारे पैसे फार नाहीत, पण सिगारेटला आलेला माणूस चहा घेतो, चहाला आलेला सिगारेट घेईलच असं नाही. पाटी त्याने लावली आहे, कुणीतरी आणून दिली म्हणून. शंभर यार्डांचा नियम त्याला ठाऊक होता. पलीकडचा हलला तर मीही हलेन, असं तो म्हणाला. आपल्या मुली कॉलेजला आल्या की त्यांनी या रस्त्याने येऊ नये असंही म्हणाला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

त्याचं म्हणणं रास्त आहे. एकट्याने हलायला कुणी तयार होणार नाही. तंबाखू विकणाऱ्यांना महापालिकेने वेगळा परवाना द्यावा आणि त्या दुकानांत चिप्स, चॉकलेट, बिस्किटं, शीतपेयं ठेवू देऊ नयेत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना सुचवलं होतं. असा परवाना आला की कुठल्या टपरीने काय विकायचं ते एकदाच ठरतं: कॉलेजच्या भिंतीजवळची टपरी चहा-पोह्यांची, तंबाखूची टपरी त्या अंतरापलीकडे. पथविक्रेत्यांच्या कायद्याखाली जागा नेमून देण्याचं काम महापालिकेकडे आहेच.

पिवळी रेघ

केंद्राच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक साधं काम सांगितलं आहे: संस्थेच्या भिंतीपासून शंभर यार्ड मोजा आणि तिथे रस्त्यावर पिवळी रेघ मारा. त्याला मोजपट्टी लागते, एक डबा रंग लागतो, आणि राष्ट्रीय सेवा योजनेची चार मुलं. महाराष्ट्रात शाळांमध्ये हे काम सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्थांनी नेटाने पुढे नेलं. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजांभोवती फिरताना मला अशी रेघ दिसली नाही. प्राचार्यांच्या पत्रासोबत, मोजलेल्या अंतरासोबत, रेघेच्या आतल्या दुकानांच्या यादीसोबत पोलिस ठाण्यात तक्रार गेली, तर तिला उत्तर द्यावं लागतं. इ-सिगारेटबद्दलची तक्रार तर केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर कुठल्याही विद्यार्थ्याला करता येते. कायद्याने झडतीचा अधिकार उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाही दिलेला आहे, वरिष्ठांची वाट बघायला नको.

ज्यांना सवय लागली आहे त्यांचं काय, हे मला व्हेप घेणाऱ्या त्या दोन मुलांनीच विचारलं. त्यातला एक जण सकाळी उठल्याबरोबर उशीखाली हात घालतो, दोनदा सोडून पाहिलं, परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन २०१६ पासून चालते, नंबर १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत, समुपदेशक बोलतात आणि पुढेही फोन करून चौकशी करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही ही सेवा दिली जाते. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला हा नंबर सुट्टी घेणाऱ्यापर्यंत आणि व्हेप ओढणाऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तो कॉलेजच्या कँटीनमध्ये, वसतिगृहाच्या दारावर, अकरावीच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात लागायला हवा. त्या मुलाने तो मोबाइलमध्ये घेतला. कुठल्या नावाने साठवू, असं त्याने मित्राला विचारलं, कारण त्याचा फोन घरी आई पाहते. मित्राने 'लायब्ररी' असं सुचवलं.